श्रीपादचे तिसरे पाते

मंगळवार, २० मे. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे.

श्रीपाद, या वेळेला मी हे लिहायला बसलो आहे. येथील मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख हवा, असा निरोप काल आला. जन्म कुठला, शिक्षण कोठे, नोकरी किती वर्षे, एवढे लिहून द्या, म्हणाले. ते मी लिहिणार नाही. ज्याला तो तपशील हवा असेल त्याने तो तुझ्या मुलीकडून घ्यावा. मला तुझ्याशी बोलायचे आहे आणि तेही रागाने.

पहिला राग तुझ्यावर. गेल्या मंगळवारी संध्याकाळी याच वेळेला आपण फोनवर भांडत होतो. माझे वाक्य अर्ध्यात असताना तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येऊन ते वाक्य पुरे करण्याचे मी ठरवले होते. शब्दही जुळवून ठेवले होते. पहाटे तुझ्या मुलीचा, मुग्धाचा फोन आला. तू झोपेतच गेला होतास. वाद अर्धा टाकून उठण्याची खोड तुला पहिल्यापासून होती. या वेळी तू मर्यादा ओलांडलीस.

दुसरा राग या कॉलनीवर.

शुक्रवारी तुझी तीये की बैठक झाली. येथील रीत तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी सभागृहात पांढऱ्या चादरी अंथरतात, लोक येतात, तासभर गप्प बसतात, हात जोडून जातात. मला ही रीत आवडते, कारण तीत भाषण नसते. तुझ्या बैठकीला भाषण झाले. कॉलनीच्या विकास समितीचे अध्यक्ष माथुरसाहेब उठले आणि त्यांनी माइक घेतला. म्हणाले, "बाबूजी को एक ही शौक था. छत पर पंखा. चला नहीं, वो अलग बात है, पर लगन देखिए!"

सभागृहात माना डोलल्या. शौक! तंत्रनिकेतनात आयुष्यभर प्रवाहांचे गणित शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षे ज्या कामाला दिली, त्याला हा माणूस पतंग आणि पोपट यांच्या रांगेत बसवत होता. आणि पंखा! पंखा वीज खातो. तुझी पवनचक्की वीज देणार होती. या एका शब्दावरून तू सख्ख्या मेहुण्याशी वर्षभर अबोला धरला होतास, आणि तुझ्याच बैठकीत तो शब्द माइकवरून उच्चारला गेला.

पुढचे ऐक. माथुरसाहेबांनी जाहीर केले की समिती तुझे यंत्र कॉलनीच्या पार्कात नेऊन बसवणार. मुलांना लागू नये म्हणून दांडा वेल्ड करून पक्का करणार. वर दिव्यांची माळ सोडणार, खाली तुझ्या नावाची फरशी लावणार. लोक गहिवरले. मुग्धाने डोळे पुसत मान हलवली. बैठकीत वाद घालत नाहीत. तासभर मांडी घालून बसलो आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. वाऱ्याबरोबर फिरावे म्हणून जे केले, ते वेल्ड करून उभे करायचे आणि त्याला स्मारक म्हणायचे.

माथुरसाहेबांना मी दोष किती देऊ? त्यांनी जे पाहिले ते दोन पात्यांचे, दोरीने बांधून ठेवलेले एक लोखंडी झाड होते. ते का बांधले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तू सांगितले नाहीस. चालू झाल्याशिवाय बोलायचे नाही, हा तुझा बाणा. बाणा ठीक आहे, पण तो बाळगणाऱ्याने अर्ध्यात मरू नये.

हे काम सुरू झाले तेव्हाचे आठवते? आपल्या मुरलीपुऱ्याच्या गच्च्यांवर वारा धड एका दिशेने येत नाही. पाण्याच्या टाक्या, जिन्यांची टोपडी, पलीकडच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे यांवर आपटून तो वळतो, फिरतो, मागे येतो. आडव्या अक्षाच्या चक्कीला दर वेळी तोंड फिरवावे लागले असते. म्हणून तू उभ्या दांड्याची ठरवलीस. तिला चारही दिशा सारख्या. पण वारा कोणत्या उंचीवर साफ वाहतो, ते आधी पाहायला हवे होते. तू एक लांब बांबू उभा केलास आणि त्याच्यावर वेगवेगळ्या उंचीवर मुग्धाच्या जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या बांधल्यास. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी. त्यांच्याकडे बघत आपण दोन म्हातारे छत्री धरून बसत होतो.

शेजारच्या कमलाजी मुगाच्या डाळीच्या मंगोड्या वाळत घालायला गच्चीवर आल्या आणि नवसाचा झेंडा दिसावा तसे बांबूकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"बाबूजी, रामदेवजी की ध्वजा चढ़ाई? मनौती थी क्या?"

तू खुर्चीवरून उठलास आणि त्यांना अडथळ्यामागच्या भोवऱ्यांविषयी अर्धा तास व्याख्यान दिलेस. बाईंनी ते शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "जो भी हो, जय बाबा की." आणि जाताना चार मंगोड्या बांबूच्या बुडाशी ठेवून गेल्या. मी हसलो, तर तू माझ्यावर उखडलास. मंगोड्या मात्र तूच तळून खाल्ल्यास.

मग पात्यांचा वाद सुरू झाला. तो शेवटपर्यंत मिटला नाही.

माझे म्हणणे सरळ होते. पाते पातळ असावे. पातळ पाते वारा कापते, वेग देते, वीज जास्त देते. दोष एकच, असे पाते थांबलेल्या स्थितीतून आपणहून सुटत नाही. त्याला सुरुवातीला हाताने धक्का द्यावा लागतो. द्यावा! लष्करी कार्यशाळेत माझी सगळी नोकरी हँडल मारून यंत्रे चालू करण्यात गेली. त्यात कमीपणा कसला?

तुझे उत्तर ठरलेले होते. "मेजर, धक्का दिल्यावर हलतो त्याला पाळणा म्हणतात."

"पाळणा तर पाळणा. वीज देईल ना?"

"आणि तू नसशील तेव्हा? रोज सकाळी गच्चीवर धक्का द्यायला कोण, पेन्शन ऑफिस येणार?"

तुला जाड पाते हवे होते. गोल नाकाचे, फुगीर पोटाचे, मागे निमुळते. ते कमाल वेगाला थोडे कमी पडेल. पण मंद वाऱ्यातही स्वतः सुटेल, असा तुझा हिशेब. शिवाय प्रत्येक पात्याचे नाक वर्तुळाच्या रेषेपासून किंचित बाहेर वळवायचे. त्या किंचितवरून आपण किती संध्याकाळी घालवल्या! मी म्हणायचो, नाक रेषेतच ठेव; बाहेर काढलेस तर वेगात असताना ते पाते फुकट वारा ओढेल. तू म्हणायचास, वेग पुढची गोष्ट आहे, आधी सुटू तर दे. मी आवाज चढवला की तू शांतपणे म्हणायचास, "मेजर, वारा हुकूम ऐकत नाही." या वाक्याचा मला आजही संताप येतो.

पहिला संच माझ्या मताने झाला, हे मात्र तू मान्य केले होतेस. पातळ पाती, नाक रेषेत. तो उभा करण्याचा दिवस तू निवडलास: संक्रांतीची आदली दुपार. उत्तरेचा वारा चांगला असतो, म्हणालास. इतकी वर्षे या शहरात काढूनही आपली संक्रांत घरातलीच राहिली होती. तिळाच्या वड्या, काळी साडी, चार मराठी घरे. संक्रांतीला या शहराचे आभाळ पतंगांचे असते हे डोळ्यांना ठाऊक होते, हिशेबात आले नाही. संक्रांतीच्या सकाळी मी हाताने धक्का दिला, चक्की फिरू लागली, आणि आपण तिळगूळ खायला खाली उतरलो.

तास झाला नसेल. वरून "वो काटा!" ऐवजी भलताच आरडाओरडा ऐकू आला. गच्चीवर जाऊन पाहिले तर आजूबाजूच्या घरांचा मांजा आपल्या चक्कीभोवती गुंडाळला जात होता. कटलेले पतंग एकामागून एक गच्चीकडे खेचले जात होते. पलीकडच्या गच्चीवरून एक जण ओरडला, "अंकल, आपकी चरखी ने तो सारे मोहल्ले की डोर लपेट ली! इनाम आपका!" तू ब्रेक लावायला धावलास. तोवर काच लावलेल्या मांजाने पात्यांच्या पुढच्या कडा करवतीसारख्या केल्या होत्या आणि एका पात्याची बरगडी उघडी पडली होती.

त्या दिवशी मी तुला नाही नाही ते बोललो. तू गच्चीवर मांडी घालून बसलास, दांड्यावरचा मांजा उलगडत राहिलास आणि म्हणालास, "बरे झाले. आता जाड पाती करता येतील." तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता. मी तो पाहिला. तो आनंद माझ्या पात्यांच्या प्रेतावर उभा होता.

नवी पाती तू एकट्याने केलीस. प्लायवूडच्या बरगड्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, नाकावर मांजा सोसेल अशी पोलादी पट्टी. दोन चढवलीस. दोन पात्यांवर चक्की फिरवली तर तोल जाऊन दांडा वाकेल, म्हणून ती दोरीने बांधलीस. तिसरे टेबलावर होते. त्याचे वजन जुळवायचे आणि भोके पाडायची बाकी होती. गेल्या मंगळवारचे भांडण त्याच, पात्याचा कोन ठरवणाऱ्या भोकांवरून. मी म्हणत होतो, तिसरे तरी रेषेत लावून पाहू आणि मग बाकीची दोन बदलू, कारण—

येथे तू फोन ठेवलास.

आज सकाळी मी मुग्धाकडे गेलो. ती तुझ्याच घरी आहे, ऑफिसातून रजा घेऊन. समितीचा टेम्पो चार वाजता येणार होता. मी तिला सांगितले की हे यंत्र पार्कात जाणार नाही.

"काका, असं काय करता? मतलब, सगळे इतक्या प्रेमाने करतायत. बाबांचं नाव राहील. इथे वर कोण बघतंय?"

"बघण्यासाठी केलेले नाही ते."

"पण ते चाललंच नाही ना, काका! मी किती वर्षं बघतेय. दर दिवाळीला विचारायचे, बाबा म्हणायचे, होईल. शेवटी मी विचारणंच सोडलं. मला त्यांची चेष्टा नको आहे. पार्कात असलं तर कोणी हसणार नाही. स्टॅच्यूला कोणी हसत नाही."

श्रीपाद, त्या मुलीवर मला रागावता आले नाही. तुझ्यावर आले. सगळ्या कॉलनीपासून लपवलेस ते समजू शकतो. तिच्यापासून का? तिला टेबलापाशी बसवून एक पाते हातात दिले असतेस तर आज ती पुतळ्याच्या भरवशावर राहिली नसती.

मी तिला म्हणालो, "न चाललेले आणि पुरे न झालेले यांत फरक असतो. एक पाते बसायचे आहे. आज बसवतो. फिरले नाही तर टेम्पोत मी स्वतः चढवून देईन."

तिने माझ्याकडे पाहिले. "आणि फिरलं तर?"

"तर तू ठरव. घर तुझे आहे."

तिसरे पाते इतर दोहोंपेक्षा हलके होते. मागच्या कडेच्या आत शिशाची पट्टी चिकटवून वजन सारखे केले. सुरीच्या धारेवर आडवे ठेवून मध्य तपासला. तो बरोबर होता. तुझा हात चांगला होता. हे तुला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू लगेच काहीतरी मागितले असतेस.

मग भोके. ती मी तुझ्या मापाने पाडली, नाक किंचित बाहेर. याचा चुकीचा अर्थ काढू नकोस. दोन पाती तुझ्या कोनात आधीच बसलेली होती आणि टेम्पो यायच्या आत ती काढून पुन्हा लावायला वेळ नव्हता. तीन पाती दोन मतांनी फिरत नाहीत. मुग्धाने पाते खांद्यावर तोलून धरले, मी बोल्ट आवळले. उन्हाने पत्रा हाताला चटके देत होता. तिने एकदाही तक्रार केली नाही. एका बोल्टखाली वॉशर ठेवायला मी विसरलो तो तिने दाखवला.

दोरी सोडली. काही झाले नाही.

वारा पडलेला होता. येथली उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याची लू अशीच असते; सकाळपासून भाजून काढते आणि नेमकी हवी तेव्हा दडी मारते. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. माथुरसाहेब जिना चढून वर आले, मागे वेल्डर.

"मेजर साहब, नमस्कार. दर्शन हो गए? तो खोलें?"

मी म्हणालो, थांबा. ते सावलीला उभे राहिले. चांगला माणूस आहे, थांबला. कमलाजीही पलीकडून कठड्याला टेकल्या. सगळे चक्कीकडे बघत होते आणि चक्की लोखंडासारखी उभी होती. मुग्धाने सहन न होऊन हात पुढे केला. एक धक्का, बस. माझ्या मताने तो धक्का पूर्ण न्याय्य होता. नोकरीभर मी दुसरे काही केले नाही.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

"काका, प्लीज. एकदाच!"

"मुळीच नाही."

का म्हणालो, ते तूच समज.

मग पत्र्याच्या छपरांकडून झुळूक आली. पाते थरथरले, थोडे पुढे गेले, थोडे मागे आले. पुन्हा पुढे. आणि सुटले. अगदी सावकाश, म्हशीने मान वळवावी तसे. एक फेरी. मग दुसरी. तेवढ्यावरच रेंगाळले.

"बस इतना?" माथुरसाहेब हळूच म्हणाले. चेष्टेने नव्हे, त्यांना खरोखर वाईट वाटत होते.

या आळशी फेऱ्यांविषयी तू मला कंटाळा येईपर्यंत सांगितले होतेस. पाते वाऱ्यापेक्षा हळू असते तोवर वारा त्याला नुसता ढकलतो. ते वाऱ्याच्या पुढे गेले की मग वारा त्याला पुढे ओढू लागतो. मधला टप्पा काढणे कठीण. तेथेच बहुतेक छोट्या चक्क्या जन्मभर अडकतात. मी त्या पात्यांकडे बघत होतो आणि तुला मनात शिव्या देत होतो.

एक जोराचा झोत आला. आवाज बदलला. फटफट थांबून सलग सूं सुरू झाली. तीन पाती दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी एक धूसर नळकांडे उभे राहिले. वेल्डर दोन पावले मागे सरकला.

"साहब, इसको वेल्ड कैसे करूँ? ये तो भाग रही है."

कमलाजींनी हात जोडले. "लो, चल गया बाबूजी का पंखा!"

"पंखा नहीं है, आंटी," मुग्धा म्हणाली. फार मोठ्याने म्हणाली. "पंखा बिजली खाता है. ये बनाती है." मग ती माथुरसाहेबांकडे वळली. तिचे गाल ओले होते, आवाज ओला नव्हता. "अंकल, सॉरी. ये यहीं रहेगी."

माथुरसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसले आणि म्हणाले, "तो पार्क में क्या लगाएँ?" त्यांना मी सांगितले, झाड लावा; तेही न वेल्ड करता. ते हसले. जाताना त्यांनी मुग्धाला विचारले की समितीच्या ऑफिसच्या गच्चीवर असे एक बसेल का. ती म्हणाली, "काका सांगतील." आता हे माझ्या गळ्यात पडले आहे. तुझी व्यवस्था नेहमीच अशी असते.

बॅटरीच्या तारा जोडल्यावर वेग थोडा उतरला, पण चक्की थांबली नाही. मुग्धा संध्याकाळ होईपर्यंत तेथेच पायरीवर बसून राहिली. मी तिला ब्रेकचा स्विच दाखवला. धुळीची आंधी येताना दिसली की आधी हा, मग वाळत घातलेले कपडे काढायला धावायचे. तिने तो दोनदा लावून सोडून पाहिला.

आता आपल्या वादाचे. आज ती फिरली याने काहीही सिद्ध होत नाही. मे महिन्यातल्या लूमध्ये विटासुद्धा फिरतील. भाद्रपदात वारा मेल्यावर तुझी जाड पाती सुटतात का, ते पाहू. शिवाय नाक बाहेर काढल्याने वेगात किती तोटा होतो, ते अजून मोजलेले नाही. मी मोजणार आहे. आकडा तुझ्या बाजूने आला तर तसे कबूल करीन. माझ्या बाजूने आला तर कोणाला सांगणार, हा प्रश्न आहे. गेल्या मंगळवारचे माझे वाक्य अजून पुरे झालेले नाही, आणि ते ऐकून आडवे उत्तर देईल असा माणूस या शहरात उरलेला नाही. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

एवढे लिहून मी उठलो. लिहायला बसण्याआधी रंगवून ठेवलेली पाटी वाळली होती. तुझ्या घरी परत गेलो आणि त्याच रात्री गच्चीच्या दारावर, लहान मुलांच्याही नजरेला येईल इतक्या खाली, दोन स्क्रूंनी ती बसवली: "सावधान. मशीन घूम रही है. ब्रेक का स्विच दाहिने हाथ पर."